गोळी फक्त जागा अडवते : नाल्ट्रेक्सोनबद्दल वाचकांचे प्रश्न

दारू आणि गर्द (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) या दोन्ही व्यसनांत वापरल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरांत डोसाचे आकडे आहेत, ते डॉक्टर काय करत आहेत आणि का करत आहेत हे घरच्यांना समजावं म्हणून. त्यावरून घरी गोळी सुरू करू नका. नियमित घेत असताना ही गोळी बहुतेकांना सोसते. खरा धोका असतो तो पहिल्या गोळीच्या आधीच्या आठवड्यात आणि शेवटच्या गोळीनंतरच्या आठवड्यांत. आलेली बहुतेक पत्रं नेमकी याच दोन टप्प्यांवरची आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गर्दच्या व्यसनातून बाहेर येतो आहे. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन लिहून दिलं आहे. ही गोळी नशा उतरवते, की एका नशेच्या जागी दुसरी नशा देते? – एक बहीण, नाशिक

दोन्ही नाही. मेंदूत ‘म्यू’ प्रकारचे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी औषधं जिथे जाऊन बसतात त्या जागा, असतात. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन, ट्रामाडोल या सगळ्यांचा परिणाम मुख्यतः तिथेच होतो. ते रिसेप्टरवर बसतात, त्याला चालना देतात आणि मग वेदना कमी होते, सुखाची गुंगी येते, श्वास मंदावतो. नाल्ट्रेक्सोन त्याच जागी जाऊन घट्ट बसतं, पण चालना देत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखं हे आहे. जागा अडते, पण रुमाल काही प्रवास करत नाही. मग वरून हेरॉइन घेतलं तरी त्याला बसायला जागा मिळत नाही.

किती वेळ? 50 मिलिग्रॅमची एक गोळी शिरेतून घेतलेल्या 25 मिलिग्रॅम हेरॉइनचा परिणाम साधारण 24 तास अडवते. 100 मिलिग्रॅमने हा काळ 48 तासांपर्यंत जातो, 150 ने 72 तासांपर्यंत. मूळ औषध रक्तातून चारेक तासांत निम्मं होतं, पण यकृतात त्यापासून तयार होणारा घटकही रिसेप्टर अडवतो आणि तो निम्मा व्हायला सुमारे 13 तास लागतात. म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

गोळीने झिंग येत नाही, सवय लागत नाही आणि बंद केल्यावर टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) लागत नाही. अमेरिकेत तिला 1984 मध्ये ओपिऑइडच्या व्यसनासाठी आणि 1994 मध्ये दारूसाठी मान्यता मिळाली.

प्रश्न : मुलाने चार दिवसांपूर्वी गर्द सोडलं. आता अंग दुखणं कमी झालंय, जेवतोय. मन बदलायच्या आत आजच गोळी सुरू करावी असं आम्हाला वाटतं. घरात मागची पाकिटं शिल्लक आहेत. – एक वडील, ठाणे

आज देऊ नका. तुमची घाई समजते. पण या उपचारात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

शरीरात थोडंही ओपिऑइड शिल्लक असताना नाल्ट्रेक्सोन दिलं, तर ते रिसेप्टरवर बसलेल्या औषधाला एकदम हुसकावून लावतं. एरवी आठवडाभरात हळूहळू ओसरणारी टर्की मग काही मिनिटांत पूर्ण जोराने उसळते. उलट्या, जुलाब, घाम, अंगावर काटा, पोटात मुरडा, प्रचंड अस्वस्थता. काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं. हे 48 तासांपर्यंत चालू शकतं आणि पाणी इतकं कमी होतं की सलाइन लावावं लागतं. एकदा हे भोगलेला माणूस पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही, हे नुकसान वेगळंच.

म्हणून नियम असा: हेरॉइन, कोडीन, ट्रामाडोल यांसारख्या कमी वेळ टिकणाऱ्या ओपिऑइडनंतर किमान 7 ते 10 दिवस पूर्ण कोरडे जायला हवेत. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन ही व्यसनाच्या उपचारातली, जास्त वेळ टिकणारी ओपिऑइड चालू असतील, तर दोन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. मधल्या दिवसांत क्लोनिडिन, झोपेची आणि उलटीची औषधं देऊन त्रास आटोक्यात ठेवतात. क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो, म्हणून प्रत्येक डोसाआधी तो मोजायचा. मुलगा उठल्याबरोबर चक्कर येते म्हणाला, तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारूनच द्यायचा.

दहा दिवस झाल्यावर लघवीची तपासणी करतात. इथे एक खाचखळगा आहे. साधी ‘ओपिएट’ पट्टी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन ओळखते. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन, फेंटानिल ओळखत नाही. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. पट्टी कोरी आली म्हणजे शरीर कोरं आहे, असं धरून चालता येत नाही. गर्द सोडताना दुखतंय म्हणून मित्राकडून ट्रामाडोल घेतलेला मुलगा या पट्टीत सापडणार नाही. तो स्वतः सांगेल तेव्हाच कळेल. म्हणून त्याला रागावून नव्हे, तर ही गोळी लपवलेल्या औषधाचं काय करते हे समजावून विचारा.

शंका उरली तर डॉक्टर नॅलोक्सोन चाचणी करतात. नॅलोक्सोन हे याच कुळातलं, पण थोडाच वेळ टिकणारं औषध. आधी 0.2 मिलिग्रॅम शिरेतून देऊन अर्धा मिनिट पाहतात. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या होणं यांपैकी काहीही दिसलं नाही, तर उरलेलं 0.6 मिलिग्रॅम देऊन 20 मिनिटं लक्ष ठेवतात. आपल्याकडची 0.4 मिलिग्रॅमची दोन अँप्युल त्यासाठी पुरतात. लक्षणं दिसली तर त्या दिवशी नाल्ट्रेक्सोन नाही. किमान 24 तासांनी पुन्हा चाचणी. ही लक्षणं लवकर ओसरतात, म्हणूनच आधी नॅलोक्सोनने पारखायचं. सगळं ठीक निघालं तर पहिल्या दिवशी अर्धी गोळी, म्हणजे 25 मिलिग्रॅम, दवाखान्यातच जेवणानंतर. तासभर बसवून ठेवायचं, मग उरलेली अर्धी. दुसऱ्या दिवसापासून 50 मिलिग्रॅम.

घरातली जुनी पाकिटं दवाखान्यात घेऊन जा आणि त्यावरची मुदत तपासून घ्या.

प्रश्न : नवरा रोज पितो, उपचाराला तयार नाही. ओळखीच्या एकीने सांगितलं की गोळी कुटून भाजीत घालायची, त्याला कळतही नाही. करून पाहू का? – एक भगिनी, सातारा जिल्हा

ताई, करू नका. तुम्ही किती थकल्या असाल याची कल्पना आहे, तरीही नाही.

‘भाजीत घालायची गोळी’ म्हणून गावोगाव जी दिली जाते, ती बहुधा डायसल्फिराम असते. ती रिसेप्टर वगैरे काही अडवत नाही. दारू शरीरात मोडताना जो ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी घटक तयार होतो, त्याचं पुढचं विघटन ती थांबवते. मग दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या येतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. आपल्याला गोळी दिली आहे हे माहीतच नसलेला माणूस पिणं टाळणार कसं? गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

नाल्ट्रेक्सोनवर दारू प्यायली तर असं काही होत नाही. तरीही ते चोरून देणं तितकंच चुकीचं. तुमचे यजमान पाठदुखीसाठी ट्रामाडोल घेत असतील किंवा खोकल्याचं कोडीनवालं औषध रोज पीत असतील, तर वर सांगितलेली टर्की त्यांना तुमच्या स्वयंपाकघरात लागेल आणि दवाखान्यात कोणाला कारण कळणार नाही. आपल्याकडे ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी हाडांच्या दुखण्यावर सर्रास दिली जाते, पोटदुखीच्या काही कॅप्सूलमध्येही ट्रामाडोल असतं. घेणाऱ्याला बहुधा ते ठाऊक नसतं. कायद्याच्या बाजूनेही, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित अवस्था येतात आणि उपचाराला रुग्णाची समजून दिलेली संमती लागते.

ते येत नसतील तर तुम्ही एकट्या जा. व्यसनमुक्तीचे बरेच समुपदेशक घरच्यांशी आधी बोलतात. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनावरचा ताण बोलून दाखवायला टेलिमानसचा 14416.

प्रश्न : दारू काही अफू नाही. मग अफूच्या रिसेप्टरवरची गोळी दारूवर कशी चालते? आणि गोळी चालू असताना प्यायलो तर? – एक वाचक, कोल्हापूर

दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं. हे शरीराने स्वतः बनवलेलं ओपिऑइडच. ते म्यू रिसेप्टरवर बसतं आणि पुढे मेंदूच्या बक्षीस-केंद्रात डोपामीन हे सुखाची जाणीव देणारं रसायन वाढतं. ‘एकाने काय होतंय, अजून एक भर’ ही ओढ बऱ्याच अंशी इथून येते. नाल्ट्रेक्सोनने ती बक्षिसी फिकी पडते. प्यायल्यावर चढते तशीच चढते, तोल जातो तसाच जातो, गाडी चालवणं तितकंच धोक्याचं. फक्त पहिल्या पेल्यानंतरची खेच कमी होते.

अपेक्षा मात्र मापात ठेवा. 2014 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात असं निघालं की 50 मिलिग्रॅम गोळी 12 जणांना दिली, तर त्यांतल्या एकाचं पुन्हा बेसुमार पिण्याकडे वळणं टळतं. पूर्ण न पिण्यासाठी हाच आकडा 20 आहे. फायदा लहान वाटेल, पण ज्या घरात तो एक जण असतो त्या घराला विचारा. गोळीसोबत समुपदेशन आणि नियमित भेटी हव्यातच. किमान तीन महिने, बहुतेकदा सहा महिने ते वर्ष घ्यावी लागते.

रोज भरपूर पिणाऱ्याने नाल्ट्रेक्सोनच्या भरवशावर एकदम दारू तोडू नये. दारू थांबल्यावरचा थरकाप, फिट आणि भ्रम यांवर या गोळीचा काहीही उपयोग नाही. फिट साधारण 6 ते 48 तासांत येतात, भ्रमाचा झटका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यासाठी वेगळी औषधं आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) लागतं. पूर्वी असं काही झालं असेल तर पहिला आठवडा दवाखान्यातच काढावा.

प्रश्न : यकृतावर परिणाम होतो म्हणे. – एक वाचक, सोलापूर

जास्त डोसाच्या जुन्या अनुभवांमुळे अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा होता. 2013 मध्ये तो काढला गेला. तरीही सुरुवातीला यकृताच्या तपासण्या, मग महिन्याने आणि त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी, हे पथ्य आम्ही पाळायलाच सांगू, कारण दारू पिणाऱ्याचं यकृत आधीच दुखावलेलं असतं. तपासणीत यकृताची एन्झाइम नेहमीच्या मर्यादेच्या तीन ते पाच पटींहून वर असतील, कावीळ चालू असेल किंवा यकृत निकामी होत आलं असेल, तर ही गोळी देत नाहीत. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, झोप मोडणं हे पहिल्या आठवड्यात चालतं. जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते. लघवी गडद, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं, किंवा मन फार खचणं यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

प्रश्न : आमच्या भागात पोरं ‘बटन’ खातात, काही एमडी घेतात, गांजा तर आहेच. या सगळ्यांवर हीच गोळी चालेल का? – एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

नाही. बटन म्हणजे बहुतेक वेळा नायट्राझेपामच्या गोळ्या. त्यांचा रिसेप्टर वेगळा, आणि अशा गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकतात. डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते डोपामीन आणि सेरोटोनिन थेट वाढवतं. ते अडवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. त्याच्या लांबच्या नात्यातल्या मेथाम्फेटामीनवर 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि रोज 450 मिलिग्रॅम ब्युप्रोपियन (नैराश्यावरचं एक औषध) घेणाऱ्यांत 13.6 टक्क्यांना फायदा झाला, नुसत्या दिखाऊ औषधावर 2.5 टक्क्यांना. दिशा चांगली आहे, पण ते एमडीला लागू पडेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

गांजाचा किस्सा शिकण्यासारखा आहे. गांजा ज्या सीबी-1 रिसेप्टरवर बसतो, तो अडवणारं रिमोनाबंट हे औषध तयार झालं होतं. 2001 मध्ये छापलेल्या प्रयोगात त्याने गांजा ओढल्यानंतरची झिंग आणि हृदयाची धडधड कमी केली. युरोपात ते 2006 मध्ये वजन कमी करण्यासाठी बाजारात आलं आणि नैराश्य व आत्महत्येचे विचार वाढतात असं दिसल्यावर 2008 मध्ये विक्री थांबली. ते रिसेप्टर केवळ गांजासाठी नसतात, आपली भूक आणि मनःस्थितीही त्यांवर चालते. सरसकट अडवलं की तेही अडतं. रिसेप्टर अडवणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाला हाच प्रश्न विचारायला हवा: नशेशिवाय आणखी काय अडतंय?

प्रश्न : एक डॉक्टर नाल्ट्रेक्सोन म्हणतात, दुसरे जिभेखालची बुप्रेनॉर्फिन. कोणाचं ऐकावं? – एक आई, मुंबई

गर्दच्या व्यसनात बहुतेकांसाठी आमचा कौल बुप्रेनॉर्फिनच्या बाजूने आहे. ते रिसेप्टरला अर्धवट चालना देतं, त्यामुळे तलफ शमते आणि माणूस उपचारात टिकतो. नाल्ट्रेक्सोनची गोळी चांगली असूनही मोठी अडचण एकच, लोक ती घेत नाहीत. आज टाळली की उद्या नशा शक्य होते. रोजच्या गोळीचा फायदा अभ्यासांत फारसा दिसला नाही तो याच कारणाने.

महिन्याला एकदा कुल्ल्याच्या स्नायूत द्यायचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन यावरचा उपाय म्हणून आलं. आपल्याकडे ते सगळीकडे मिळत नाही. अमेरिकेत 570 जणांवर झालेल्या आणि 2018 मध्ये छापलेल्या तुलनेत इंजेक्शन गटातल्या 72 टक्क्यांनाच ते सुरू करता आलं, बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन गटात 94 टक्क्यांना. बाकीचे त्या कोरड्या आठवड्यातच गळाले. ज्यांनी सुरू केलं, त्यांच्यात मात्र दोन्ही औषधं साधारण सारखीच ठरली.

गोळी कोणाला जमते? ज्याची स्वतःची तयारी पक्की आहे, नोकरी किंवा परवाना पणाला लागला आहे, आणि घरात रोज समोर बसून गोळी देणारं माणूस आहे त्याला. अशा वेळी आठवड्यातून तीनदा देण्याची पद्धतही आहे: सोमवारी 100, बुधवारी 100, शुक्रवारी 150 मिलिग्रॅम. गोळी पाण्याबरोबर समोर गिळायची, लगेच दोन वाक्यं बोलायला लावायची, म्हणजे ती तोंडात लपवता येत नाही. हा पहारा कोण ठेवणार, हे मुलाच्या संमतीनेच ठरवा.

प्रश्न : गोळी चालू असताना अपघात झाला किंवा ऑपरेशन निघालं तर? – एक वाचक, रत्नागिरी

ठरलेलं ऑपरेशन असेल तर गोळी किमान 72 तास आधी आणि इंजेक्शन महिनाभर आधी थांबवतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. अचानक वेळ आली तर मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल नेहमीच्या डोसात लागू पडणार नाहीत. भूलतज्ज्ञांकडे बाकीचे मार्ग असतात: भाग बधिर करणं, केटामीन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसारखी औषधं. त्यांना आधी माहीत असलं म्हणजे झालं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, मराठी आणि इंग्रजीत: औषधाचं नाव, डोस, शेवटची गोळी कधी घेतली, डॉक्टरांचा फोन. जुलाबावरचं लोपेरामाइड आणि कोडीनचं खोकल्याचं औषधही या काळात निरुपयोगी ठरतं.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्या वसतिगृहात भिंतीवर नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे टांगलेला आहे. म्हणजे तिथे सगळे नशा करतात का? तिने तो वापरायचा का? – एक पालक, पुणे

घाबरू नका, तो आग विझवण्याच्या नळकांड्याइतका तिथे नेहमीचा आहे. बाजारातल्या बनावट गोळ्यांत फेंटानिल मिसळलेलं असतं आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. म्हणून मार्च 2023 मध्ये 4 मिलिग्रॅमचा स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. मुलीला तो वापरता यावा.

हलवूनही न उठणारा माणूस, टाचणीएवढ्या बाहुल्या, अगदी संथ किंवा घोरल्यासारखा श्वास, निळे ओठ: आधी 911 ला फोन, किंवा दुसऱ्या कोणाला करायला सांगायचा. त्याला पाठीवर निजवून मान मागे करायची. स्प्रे आधी दाबून पाहायचा नाही, त्यात एकच डोस असतो. टोक नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत घालायचं आणि दांडा पूर्ण दाबायचा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला, तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. शुद्धीवर आला तरी एकटं सोडायचं नाही, कारण नॅलोक्सोन साधारण अर्धा ते दीड तास टिकतं आणि नशा त्याहून जास्त टिकू शकते. श्वास पुन्हा मंदावतो. माणूस दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध असला तरी स्प्रेने इजा होत नाही.

महाराष्ट्रात असं घडलं तर 108. इथे रुग्णालयांत नॅलोक्सोनची इंजेक्शनं असतात. ‘काय घेतलं’ हे पोलिसांच्या भीतीने लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : आठ महिने गर्दला शिवलो नाही. नाल्ट्रेक्सोन रोज घेतलं. आता बंद करावं वाटतंय. हळूहळू कमी करायचं का? – एक तरुण, नवी मुंबई

आठ महिने ही फार मोठी गोष्ट आहे. औषधाच्या दृष्टीने डोस हळूहळू उतरवण्याची गरज नाही, कारण टर्की लागत नाही. पण हा निर्णय डॉक्टर आणि गोळी देणारं घरचं माणूस दोघांना सांगून घ्या.

तुमच्या शरीराची नशा सोसण्याची ताकद या आठ महिन्यांत गेलेली आहे. अडवलेले रिसेप्टर जास्त संवेदनशीलही झालेले असू शकतात. पूर्वी जी पुडी तुम्हाला ‘नेहमीची’ होती, तिच्या निम्म्यानेही आता श्वास थांबू शकतो. गोळी चुकवली त्या दिवसांत, इंजेक्शनचा महिना संपत आला तेव्हा, केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत मृत्यू होतात ते याच कारणाने. गोळी चालू असताना जास्त माल घेऊन अडथळा तोडून पाहणं हाही तितकाच जीवघेणा प्रकार आहे.

बंद करायच्या आधी घरच्यांसोबत बसून हे ठरवा: पहिले तीन महिने भेटी चालू ठेवायच्या, तलफ आली तर कोणाला फोन करायचा, आणि पाय घसरलाच तर बंद दाराआड एकट्याने घ्यायचं नाही, कोणाला तरी लगेच सांगायचं. बेशुद्धीची खूण आणि 108 हा नंबर घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. घसरल्यानंतर गोळी पुन्हा सुरू करायची असेल, तर ती दुसऱ्याच दिवशी तोंडात टाकू नका. 7 ते 10 दिवसांचा नियम आणि लघवीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.